ठोकळा अर्धा कापला तर घनता अर्धी का होत नाही?

प्रश्न : मुलीला चाचणीत प्रश्न आला होता, लोखंडी ठोकळ्याचे दोन सारखे तुकडे केले तर एका तुकड्याची घनता किती होईल? तिने 'निम्मी' लिहिलं आणि मार्क गेले. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे तिला पाठ आहे. मग वस्तुमान निम्मं झालं की घनता पण निम्मी व्हायला हवी ना? मलाही नीट सांगता येईना.

उत्तर : सूत्रातला वरचा आकडा तिने बरोबर निम्मा केला, पण खालचा तसाच ठेवला, चूक एवढीच आहे. कापल्यावर आकारमान पण निम्मं झालंच की! समजा ठोकळा ७८० ग्रॅमचा आणि १०० घन सेंटिमीटरचा आहे, भागाकार येतो ७.८. तुकडा ३९० ग्रॅम, ५० घन सेंटिमीटर, परत ७.८च. घासून पडलेला बारीक कीस घेतला तरी तेच येणार, कारण वस्तुमान आणि आकारमान हे त्या तुकड्याचं असतं आणि घनता त्या पदार्थाची असते.

मग घनता बदलते कधी, तर वस्तुमान तेवढंच राहून जागा कमीजास्त झाली की. १ लीटर पाणी गोठवा, वस्तुमान १ किलोच राहतं पण बर्फ जागा घेतो साधारण १.०९ लीटर, त्यामुळे घनता १ वरून ०.९२ च्या आसपास येते, बर्फ पाण्यावर तरंगतो ते यामुळेच आणि काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये फुटते ती पण यामुळेच.

मला वाटतं मुलांचा अर्धा गोंधळ शब्दांमुळे होतो. 'आकार' आणि 'आकारमान' एकच वाटतं, पण मातीचा गोळा थापून चपटा केला तर आकार बदलतो, आकारमान नाही. आणि 'घनता' म्हटलं की 'दाट' डोळ्यासमोर येतं. तेल पाण्यापेक्षा दाट वाटतं ना, हळूहळू ओघळतं, तरी पाण्यावर तरंगतं, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. ओघळायला लागणारा वेळ ही चिकटपणाची गोष्ट आहे, तिचा घनतेशी संबंध लावू नका.

तोंडी सांगण्यापेक्षा हे तिला हाताने करू द्या, खरंच फरक पडतो. एक जाड स्टीलचा बोल्ट आधी कोरडाच वजन करा, मग मोजपात्रात ५० मिलिलीटर पाणी घेऊन बोल्ट दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पाणी जेवढं चढलं तेवढं बोल्टचं आकारमान, १ मिलिलीटर म्हणजे १ घन सेंटिमीटर. पाण्याची पातळी बघताना डोळा त्याच उंचीवर आणा आणि मधला खोलगट भाग वाचा, कडेला चढलेलं पाणी धरू नका. बोल्टच्या आट्यांमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात, दोरा हलवून ते घालवा, नाहीतर आकारमान जास्त दिसेल आणि घनता कमी येईल. नंतर त्याच जातीचे दोन बोल्ट एकत्र टाकून बघायला सांगा. वजन दुप्पट, चढलेलं पाणी दुप्पट, भागाकार मात्र पुन्हा ७.८ च्या आसपास. तो तिने स्वतः काढलेला असेल, मग ठोकळ्याचा प्रश्न तिला परत विचारा.