‘घरी कवा येईन?’

पत्र : ताई, माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. नवोदय या सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी चालू आहे. आर्णीला शिकवणी लावली, पहाटे पाचला उठवून बसवते. घरी गणितं सगळी येतात, पण सराव पेपरात शेवटचे पंधरा-वीस प्रश्न कोरेच सोडते. तिचे बाबा फार चिडतात. परवा अभ्यास सोडून मला विचारते, ‘माय, मी नवोदयले लागली तं घरी कवा येईन?’ म्हटलं, आधी पास तं हो! सध्या कापूस वेचणी आहे, मला तिच्याजवळ बसायला होत नाही. दुसरी शिकवणी लावू का?
– एक आई, आर्णी तालुका

उत्तर : ताई, दोन पानांच्या पत्रात पोरीच्या तोंडचं वाक्य एकच आहे, आणि त्याला तुम्ही उत्तर दिलं नाही. मला याचा राग आला, तो लपवत नाही.

हा पेपर 80 प्रश्नांचा आणि दोन तासांचा असतो. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, हे शिकवणीतल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं असणार. म्हणजे काहीच येत नसलं तरी गोल रंगवून यायचं, हे तिला कळतं. तरी ती कोरे सोडते. घरी येणारी गणितं तिथे अडतात. माझ्या मते पोरगी अभ्यासात मागे नाही. ती घाबरली आहे, आणि नापास होण्याला नाही, पास होण्याला.

तुम्ही नवोदय म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर बारावीपर्यंतचं फुकट शिक्षण, राहणं-जेवणं येतं. तीन चतुर्थांश जागा खेड्यातल्या लेकरांना, म्हणून आशाही वाटते. ती आशा खोटी नाही. पण दहा वर्षांच्या पोरीला त्यात एवढंच ऐकू येतं, की नंबर लागला की घर सुटलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवलं. निवड झालेला एक मुलगा वर्गात पेढे वाटत होता आणि रडत होता. आम्ही सगळे म्हणालो, आनंदाचे अश्रू. सगळ्यांना वाटून झाल्यावर माझ्यापाशी आला, हळूच म्हणाला, ‘बाई, आता नाही म्हणता येते काय?’ तो गेला, शिकला, चांगलं झालं त्याचं. पण त्याला हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ते मला अजून टोचतं.

दुसरी शिकवणी लावू नका. या रविवारी वेचणी राहू द्या. एक दिवस बोंडं फुटून उभी राहिली तर राहू देत. पोरीला घेऊन घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला जा, आपल्या जिल्ह्याचं नवोदय तिथेच आहे. आत सोडलं नाही तर फाटकापाशी उभ्या राहा. ती पोरं कुठे झोपतात, कुठे जेवतात, हे तिथल्या माणसांना तिलाच विचारू द्या. आपल्या घरापासून एसटीला किती वेळ लागला, तेही तिलाच मोजू द्या.

परतीच्या गाडीत तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या. दिवाळीत येशील, उन्हाळ्यात येशील, मधे भेटीच्या दिवशी आम्ही येऊ. आणि हेही सांगा, की नंबर लागला तरी जायचं की नाही, ते तुला विचारूनच ठरवू. हे सांगताना आवाज कापला तर कापू द्या. माय आपल्यावाचून राहणार कशी, हेही तिला कळायला हवंच आहे.

बाबांनाही सोबत न्या. पेपराचं काही काढायचं नाही, एवढं त्यांना निघतानाच सांगून ठेवा.