भारतात स्त्रियांना मताधिकार न लढता आयताच मिळाला ना? मग आज एखादीने मत दिलं नाही तर काय बिघडलं?

‘आयता’ या म्हणण्याला माझा ठाम विरोध. 1950 साली राज्यघटनेने स्त्री-पुरुष दोघांना एकदमच मत दिलं, त्यामुळे तसं वाटतं खरं. त्याआधीचं मात्र शाळेत फारसं कुणी शिकवत नाही.

डिसेंबर 1917 मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मागणी एवढीच, की पुरुषांना जे द्याल ते आम्हालाही द्या. मताधिकार कुणाला द्यायचा हे बघणाऱ्या ब्रिटिशांच्या साउथबरो समितीने ती फेटाळली. समाजाची अजून तयारी नाही, हे नेहमीचं कारण! तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची लेक मिठन या पारशी मायलेकी 1919 साली थेट इंग्लंडला गेल्या आणि ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. (ही मिठन पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी पहिली स्त्री ठरली.) संसदेने निर्णय प्रांतांवर ढकलला. 1921 मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबईने मताधिकार दिला, पण मालमत्तेची किंवा कराची अट घालून. स्वतःच्या नावावर घर-जमीन असणाऱ्या बायका तेव्हा असून असून किती असणार? 1935 च्या कायद्याने मतदार स्त्रिया वाढल्या, त्यातल्या बऱ्याच नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर.

मला सगळ्यात जास्त खटकते ती पुढची गोष्ट. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीतून गळाल्या. कठोर वाटतं, पण माझ्या मते बरोबरच होतं. नवऱ्याच्या ओळखीवर मत मिळणं घटनेनेच तर संपवलं होतं.

आता ‘काय बिघडलं’ याबद्दल. 1962 च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान सुमारे 63 टक्के होतं आणि स्त्रियांचं 47 च्या आसपास. 2019 मध्ये स्त्रिया किंचित पुढे गेल्या. तेव्हापासून जाहीरनाम्यांत बायकांसाठीच्या योजना कशा वर सरकल्या ते बघा. त्या योजना चांगल्या की वाईट हा वेगळा वाद, पण जो गट मतदानाला येतो त्याचाच हिशेब पक्ष मांडतात. घरी बसणारीचा कुणी मांडत नाही.

आजही यादीत घोळ होतो तो लग्नानंतर. मुलगी सासरी आणि नाव माहेरच्या यादीत. पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 भरायचा, ऑनलाइन किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा स्थानिक कर्मचारी). उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव घालता येत नाही, तेव्हा हे काम निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच उरका.