आधी तीन जणी शोध

अनेक आशीर्वाद.

ठाण्यात बर्फ कुठे मिळेल, हा तुझा पहिला प्रश्न. बर्फाचं नंतर बघू. कर्लिंगमध्येच, म्हणजे बर्फावर दगड सरकवून वर्तुळाच्या मध्याजवळ नेण्याच्या खेळातच, करिअर करायचं असेल तर आधी तीन जणी शोध.

या खेळात एकटीचं काही चालत नाही. मिश्र दुहेरीलाही जोडीदार लागतोच. चौघींच्या संघात एक जण ग्रॅनाइटचा दगड सोडते, वजन जवळपास वीस किलोपर्यंत. दोघी त्याच्यापुढे ब्रशने बर्फ घासत जातात आणि पलीकडच्या टोकाला उभी असलेली स्किप, म्हणजे कर्णधार, ओरडून सांगते, कधी घासायचं, कधी थांबायचं. तो बर्फ सपाट नसतो. पाणी शिंपडून त्यावर बारीक दाणे गोठवलेले असतात आणि दगडाच्या तळाची एक अरुंद गोल पट्टीच त्यांना टेकते. जोरात घासलं की घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. कॅरममध्ये स्ट्रायकर सुटला की आपण नुसतं बघत बसतो. इथे दोघींचं काम तेव्हाच सुरू होतं.

दक्षिण कोरियातलं उइसोंग घे. लसणासाठी नावाजलेला शेतकरी भाग. तिथे 2006 मध्ये कर्लिंगचं केंद्र उभं राहिलं. किम उन-जंग आणि किम योंग-मी या शाळेतल्या मैत्रिणी खेळायला लागल्या, मग योंग-मीची धाकटी बहीण आली, पाठोपाठ त्या बहिणीची मैत्रीण. याच चौघींच्या जोरावर त्यांच्या संघाने 2018 च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवलं. बर्फ त्यांच्या गावातच होता, हे मान्य. पण तो गावातल्या सगळ्यांनाच होता.

मुली निवडताना फक्त नेम बघू नकोस. आपला ब्रश दगडाला लागला तर ते आपणच सांगायचं, ही कर्लिंगची रीत आहे. आपल्या मैदानावर कुणी विचारायच्या आधी स्वतःहून ‘मी आउट’ म्हणणारी मुलगी दिसली, तर तिला सोडू नकोस.

पैशांचं स्पष्ट सांगतो. यात पोट भरणारे जगातही थोडेच. अमेरिकेचा जॉन शुस्टर 2014 च्या ऑलिम्पिकमध्ये अपयशी ठरला, राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रमातून वगळला गेला. त्याने इतरांना जमवून स्वतःचा संघ बांधला आणि 2018 मध्ये सुवर्ण जिंकलं. त्या काळात तो खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीही करत होता. तेव्हा तुझी पदवी पूर्ण व्हायलाच हवी, त्यात तडजोड नाही.

बर्फाशिवायही बरंच काही होतं. दगड सोडताना बसतात तसं एक पाय पुढे दुमडून, दुसरा मागे ताणून खाली बसायचं आणि तोल धरायचा. खांदे आणि पोटाचे स्नायू घासण्यासाठी लागतात. स्टॉपवॉच न बघता सेकंद ओळखायला शिक, कारण दगडाचा वेग ब्रशवालीलाच आधी कळावा लागतो.

रविवारी सकाळी सातला दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या गेटपाशी ये. निदान एक मैत्रीण बरोबर आण. आईबाबांनाही घेऊन ये, परदेशी सरावाच्या खर्चाचं मी त्यांच्याशी बोलेन.

तुझे सर