१९५१ च्या शेवरले पिकअपसाठी स्टीअरिंग कॉलम कोणता घ्यावा: मूळचा, जंकयार्डमधला की नवा?

तुमच्या वर्णनावरून मला समजलं ते असं: गाडी १९५१ ची शेवरले हाफ-टन पिकअप, पुढे मस्टँग-टू (फोर्डची सत्तरच्या दशकातली गाडी) पद्धतीचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारी यंत्रणा, बसवून झालाय, इंजिन ३५० घनइंचांचं व्ही-एट, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, आणि सीट मूळचीच सलग बेंच. आता मूळ कॉलम (व्हीलपासून खाली जाणारी नळी आणि तिच्यातला शाफ्ट) कापून वापरावा, जंकयार्डमधून एखादा टिल्ट, म्हणजे व्हील वर-खाली कलवता येणारा, कॉलम काढून आणावा, की सरळ नवा घ्यावा, आणि घेतला तर किती लांबीचा.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझी पिकअप १९५३ ची, म्हणजे तुमच्या गाडीची धाकटी बहीणच. तिला आत्ता आहे तो तिसरा कॉलम. पहिला मूळचा होता, दुसरा मी स्वतःच्या हातोडीने मारला, आणि तिसऱ्यावर गाडी सात वर्षं चालतेय. त्यामुळे मी या बाबतीत ताकही फुंकून पितो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

रॅक आधी बसवलात ते उत्तम केलंत. बरेच जण आधी क्रोमचा कॉलम घेतात आणि मग त्याला जुळेल असा रॅक किंवा बॉक्स शोधत बसतात. खालचं टोक आणि वरचं टोक ठरल्याशिवाय मधल्या वस्तूची लांबी ठरत नाही. तुमचं खालचं ठरलंय. वरचं म्हणजे स्टीअरिंग व्हीलची जागा. त्याकडे येतो, पण आधी मूळच्या कॉलमचा निकाल लावू.

तो मनातून काढून टाका. दिसायला सुरेख आहे, कबूल. पण या गाड्यांत कॉलम अशी वेगळी वस्तूच नव्हती. व्हीलच्या नटापासून स्टीअरिंग बॉक्सच्या पोटातल्या वर्मपर्यंत (स्क्रूसारख्या गिअरपर्यंत) एकच सलग पोलादी कांब आणि तिच्यावर नळी. बॉक्स फ्रेमला घट्ट बोल्ट केलेला. समोरून धडक बसून फ्रेम मागे रेटली गेली की कांब निघाली थेट चालकाच्या बरगड्यांकडे. तुमच्याकडे आता बॉक्स नाही, त्यामुळे कांब कापून, खाली बेअरिंग बसवून काम भागतं आणि लोक ते करतातही. पण धडकेत ती दबून आखूड होत नाही ती नाहीच.

अमेरिकेत हे चित्र बदललं १९६७ च्या मॉडेलांपासून. जनरल मोटर्सच्या (जीएम) सॅगिनॉ विभागाने दबणारा कॉलम आणला. बाहेरची नळी मधल्या भागात जाळीसारखी केलेली, म्हणजे दाब आला की ती चुरगळणार. आतला शाफ्ट दोन तुकड्यांचा, दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा, आणि ते तुकडे एरवी जागच्या जागी राहावेत म्हणून भोकांत ओतलेल्या प्लॅस्टिकच्या पिना. धडकेत पिना तुटतात, शाफ्ट आखूड होतो. डॅशखाली कॉलम टांगणारा ब्रॅकेटसुद्धा ठरावीक जोरानंतर सुटून येईल असा. १ जानेवारी १९६८ पासून नियमच आला: ताशी ३० मैलांनी गाडी भिंतीवर आदळली तर कॉलम चालकाच्या दिशेने १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांपेक्षा जास्त मागे यायला नको. तुमच्या-माझ्या गाड्यांना तो नियम लागू नाही. पण छातीला गाडीचं साल कळत नाही.

म्हणून जंकयार्डमधला घ्यायचाच असेल तर १९६७ च्या आधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. १९६७ आणि १९६८ चे जीएम कॉलम हॉट रॉडवाल्यांचे, म्हणजे जुन्या गाड्या बदलून बांधणाऱ्यांचे लाडके, कारण ते दबतात आणि किल्ली मात्र डॅशवरच असते. १९६९ पासून जीएमने किल्ली कॉलमवर नेली आणि तिच्यासोबत व्हील जाम करणारं कुलूपही आलं. तुमची किल्ली मूळ डॅशवर राहणार असेल तर ते कुलूप नीट काढून टाकावं लागतं. अर्धवट काढलेलं कुलूप चालत्या गाडीत अडकलं तर काय होईल ते सांगायला नको. किल्ली कॉलमवर हवी असेल तर १९६९ नंतरचाच घ्या आणि वायरिंग त्याप्रमाणे करा.

जंकयार्डमध्ये कॉलम हातात आला की आधी व्हील धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. जीएमच्या टिल्ट कॉलममध्ये आतले चार बोल्ट ढिले होण्याची खोड प्रसिद्ध आहे. त्यांचं डोकं उलट्या टॉर्क्सचं, म्हणजे बाहेरून ताऱ्याच्या आकाराचं असतं, ई-८ सॉकेट लागतो. आवळता येतात, पण तिथे पोचायला व्हील, लॉक प्लेट, इंडिकेटरचा स्विच, सगळं उतरवून टिल्टच्या दोन्ही पिव्होट पिना ओढून काढाव्या लागतात. शनिवार-रविवार गेला समजा. हे काम मला आवडतं, पण सगळ्यांना आवडेलच असं नाही.

आता माझी हातोडी. दुसरा कॉलम असाच एका जंकयार्डमधून आणला होता, सत्तरच्या दशकातल्या एका शेवरलेचा. साफ केला, रंगवला, आत ग्रीस भरलं. यू-जॉइंट (दोन शाफ्ट कोनात जोडणारा सांधा) शाफ्टवर जाईना. गंज होता थोडा. कानस घेऊन तो काढायचा सोडून मी जॉइंटवर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि चार टोले हाणले. चौथ्या टोल्याला जॉइंट बसला. मी खूश! दुसऱ्या दिवशी व्हील धरून ओढलं तर शाफ्ट पाव इंच वर आला, ढकलला तर खाली गेला. आतल्या प्लॅस्टिकच्या पिना मीच तोडल्या होत्या. धडकेसाठी राखून ठेवलेली गोष्ट मी गॅरेजमध्ये उभ्या गाडीत वापरून टाकली. दबणाऱ्या कॉलमच्या शाफ्टच्या टोकावर कधीही ठोकायचं नाही, व्हील काढतानाही नाही. व्हील काढायला पुलर वापरा. आणि वापरलेला कॉलम विकत घेताना शाफ्ट असा आत-बाहेर ओढून बघा, कारण आधीच्या मालकाकडेही हातोडी असू शकते.

तुमच्या जागी मी असतो तर आज नवाच घेतला असता. मिशिगनमध्येच टेकमसेला आयडिडिट, शेजारी ओहायोत बेरियाला फ्लेमिंग रिव्हर, दोघंही याच धंद्यातले. फक्त घेताना ‘हा दबणारा आहे का’ हे स्पष्ट विचारा. नवा आहे म्हणजे दबणारा असेलच असं नाही. बाहेरचा व्यास दोन इंच किंवा सव्वादोन इंच, हेही बघून घ्या, कारण डॅशखालचा ब्रॅकेट आणि फरशीवरची प्लेट त्याच मापाची लागते.

लांबीसाठी कॅटलॉगवर विसंबू नका. कॅटलॉगमध्ये ‘१९४७-५४ पिकअपसाठी’ असं लिहिलेलं असतं, पण त्यांना तुमची सीट ठाऊक नाही आणि तुमचं पोटही. या केबिनमध्ये जागा मुळात कमी. मी दीड इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आणला. नावाला दीड इंच, बाहेरून १.९ इंच भरतो, म्हणजे दोन इंची कॉलमची जवळपास नक्कल. (दोन इंची पाइप आणू नका, तो बाहेरून २.३७५ भरतो, फसगत होते.) त्याच्या टोकाला जुनं स्टीअरिंग व्हील चिकटपट्टीने बांधलं, पाइप फरशीतल्या भोकातून खाली सोडला, डॅशला दोरीने टांगला आणि सीटवर बसलो. नुसतं बसून चालत नाही, बूट घालून, दार लावून, ब्रेक दाबून बसायचं. गुडघा व्हीलला लागतो का, मीटर दिसतात का, उतरताना मांडी अडकते का. माझी बायको माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, तिलाही बसवलं. तेव्हा कळलं की टिल्ट हवाच. मग पाइपवर डॅशपाशी आणि फायरवॉलपाशी (केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्यापाशी) पेनने खुणा केल्या आणि माप घेतलं. या कॉलमांची लांबी साधारण २८ ते ३५ इंचांत मिळते. फायरवॉलच्या पलीकडे इंच-दोन इंचच बाहेर येईल असा घ्या. जितका जास्त बाहेर, तितकी पुढे इंजिनशी भांडणं.

आणि ती भांडणं होणारच, कारण मस्टँग-टूचा रॅक अॅक्सलच्या पुढे आणि खाली असतो, आणि मध्ये तुमच्या व्ही-एटचा एक्झॉस्ट. कॉलमच्या टोकापासून रॅकपर्यंत सरळ रेषा बहुधा मिळत नाही. एका यू-जॉइंटने ३५ अंशांपेक्षा जास्त वळण घेऊ नये. त्यापुढे दोन जॉइंट किंवा दुहेरी जॉइंट. दोन जॉइंट असतील तर त्यांच्या मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे (जॉइंटचे यू आकाराचे भाग) एकाच पातळीत हवेत. नाहीतर व्हील फिरवताना एकदा जड, एकदा हलकं लागतं, आणि माणूस रॅकला दोष देत बसतो. तीन जॉइंट लागले तर मधला शाफ्ट अधांतरी राहतो, तेव्हा फ्रेमला ब्रॅकेट लावून त्यावर आधाराचं बेअरिंग द्यावंच लागतं. ते न लावता ‘चालतंय की’ म्हणणारे मला भेटलेत; त्यांच्या गाडीत मी बसत नाही.

जॉइंट मागवताना दोन्ही टोकांच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) मोजा. जीएम धाटणीच्या नव्या कॉलमचं खालचं टोक बहुतेक एक इंच, ४८ स्प्लाइनचं असतं, काहींचं दोन बाजूंनी सपाट केलेल्या डबल-डी शाफ्टचं. मधल्या शाफ्टला पाऊण इंची डबल-डी पोलाद घ्या, कापायला सोपं जातं. रॅकच्या बाजूचा आकडा कोणाला विचारू नका. रॅक कोणत्या बनावटीचा आणि पॉवरचा की साधा, यावर तो बदलतो, आणि समोर असलेल्या स्प्लाइन खडूने खूण करून मोजायला पाच मिनिटं पुरतात. जॉइंटचा सेट-स्क्रू शाफ्टवर नुसता आवळून ठेवायचा नाही. शाफ्टवर त्या जागी ड्रिलने उथळ खळगा करा, स्क्रूचं टोक त्यात बसवा, लॉकटाइट (आटे पक्के धरणारा द्रव) लावा आणि वरून लॉकनट. वेल्डिंग करायचा मोह टाळा.

गिअर कॉलमवर ठेवायचा की जमिनीवर, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कॉलम घ्यायच्या आधी तो सोडवावा लागेल, कारण दोन्ही कॉलम वेगळे येतात. बेंच सीटवर तिघं बसणार असाल तर कॉलमवरच ठेवा. माझ्या बाबांची प्रीमिअर पद्मिनी होती. तिचा गिअर स्टीअरिंगखाली, त्यामुळे पुढे बाबा, आई आणि मध्ये मी. माझा गिअर कॉलमवर आहे तो याच हट्टापायी, व्यवहार म्हणून जमिनीवरचा जास्त सोपा. कुठेही ठेवा, पण गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरणार नाही असा स्विच कॉलमवर किंवा गिअरबॉक्सवर असलाच पाहिजे. (शेवरले आणि आपला संबंध पद्मिनीहून जुना आहे, बरं का. जनरल मोटर्स १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती.)

वायरिंगचं थोडक्यात. तुमची गाडी मुळात ६ व्होल्टची; ३५० बसवलंत म्हणजे १२ झालीच असणार. मागे ब्रेक आणि इंडिकेटरला एकच दिवा असेल तर ब्रेकच्या स्विचची वायर इंडिकेटरच्या स्विचमधून जावी लागते. जीएमच्या रंगांत ती पांढरी. मागचा डावा पिवळा, मागचा उजवा गडद हिरवा, पुढचा डावा फिकट निळा, पुढचा उजवा गडद निळा, फ्लॅशर जांभळा, धोक्याचे दिवे तपकिरी, हॉर्न काळा. हॉर्नची वायर रिलेमार्गे जाते आणि कॉलममध्ये फक्त अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूला जोडली जाते. म्हणून रबरी पट्ट्यांवर टांगलेल्या किंवा जाड रंग दिलेल्या कॉलमवर हॉर्न वाजत नाही. ब्रॅकेटखालचा रंग खरवडा.

सगळं बसलं की पुढची चाकं हवेत उचलून, खाली भक्कम स्टँड देऊन, कोणाला तरी व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही खाली पडून जॉइंट बघा. कुठे अडतंय, कुठे एक्झॉस्टला बोटभरही अंतर नाही, ते तेव्हाच दिसतं. मग गाडी खाली घ्या, इंजिन चालू करून ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये किंचित अॅक्सिलरेटर द्या. इंजिन माउंटवर कलतं तेव्हा ते अंतर आणखी कमी होतं. तो माणूस बाजूला उभा राहून बघेल, गाडीसमोर नाही. पहिल्या शंभर मैलांनंतर सगळे सेट-स्क्रू पुन्हा आवळा. माझा एक फिरला होता, अर्धा आटा.

मापं घेतलीत की इथेच लिहा, फायरवॉलपासून रॅकपर्यंतचं अंतर आणि कोन. जॉइंट दोन लागतील की तीन, ते मी सांगू शकेन.