ओट्याच्या कारखान्यातलं काम: पोराला थांबवू की शिकू देऊ?

ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगा 19 चा, बारावी सायन्स झालाय, इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून नागपुरात पारडीकडच्या एका किचन ओट्याच्या कारखान्यात वर्षभरापासून कटिंग-पॉलिशला जातो, महिन्याला 18 हजार हातात येतात, मालक म्हणतो तीन वर्षांत स्वतःचा कारखाना टाकशील. आणि तुम्ही रोज त्याच्या शर्टातून निघणारी पांढरी पावडर बघता, हल्ली तो खोकतोही, म्हणून विचारताय की थांबवू की शिकू देऊ.

सरळ सांगतो, दगडाच्या धंद्यातून काढायची गरज नाही, पण कोरड्या ग्राइंडरवरून त्याला आजच्या आज काढा.

कारण ऐका. ग्रॅनाइटमध्ये सिलिका (वाळूत असतं तेच खनिज) साधारण तिसरा हिस्सा असते, मार्बलमध्ये अगदी कमी, पण आता सगळ्यांना हवा असतो तो पांढराशुभ्र क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा आणि रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) दाबून बनवलेली स्लॅब, त्यात सिलिका बहुतेक वेळा 90 टक्क्यांच्या वर. ती कापताना जी धूळ डोळ्याला दिसते ती नाकातच अडकते, खरा घात करते ती न दिसणारी, ती फुफ्फुसाच्या पार टोकाला जाऊन बसते, शरीराला काढता येत नाही, आजूबाजूला वण धरतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. खाणीतल्या माणसाला तो बऱ्याचदा वीस-वीस वर्षांनी दिसायचा, क्वार्ट्झवाल्यांना दहाच्या आतही होतो, तिशीतल्या पोरांना झालाय. यावर औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि फार बिघडलं तर फुफ्फुस बदलणं एवढंच उरतं. इस्रायल, स्पेनच्या डॉक्टरांच्या हे आधी लक्षात आलं, आणि ऑस्ट्रेलियाने तर 1 जुलै 2024 पासून हा क्वार्ट्झ बनवणं-विकणं-बसवणंच बंद केलं.

मुलगा म्हणतो रुमाल बांधतो. ताई, रुमालाने काही होत नाही हो! एन95 सुद्धा दाढीवर घट्ट बसत नाही. आधी धूळ उडूच नये हे बघायचं, म्हणजे ब्लेडवर सतत पाणी आणि मशीनला धूळ ओढणारा पाइप, मास्क त्यानंतर. आता त्याला एवढंच विचारा की गिऱ्हाइकाच्या घरी ओटा बसवताना सिंकचं भोक थोडं मोठं करायचं असेल तर काय करता. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, फर्निचर भिजेल म्हणून पाणी नाही, बंद किचनमध्ये हाताचा ग्राइंडर कोरडाच, आणि सगळी धूळ थेट तोंडावर. दुसरं विचारा, संध्याकाळी झाडू कोण मारतं? कापताना पाणी वापरलं तरी खालचा गाळ वाळला की झाडूने तीच धूळ परत हवेत. तो गाळ ओला असतानाच उचलायला हवा.

खोकल्याचं उद्यावर टाकू नका. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, श्वसनरोग विभागात न्या आणि केसपेपर काढतानाच सांगा की पोरगा क्वार्ट्झ कापतो. हे न सांगितल्याने आपल्याकडे कितीतरी कामगार टीबीच्या गोळ्या खात राहतात (सिलिका असली की टीबीचाही धोका वाढतो, त्यामुळे तीही तपासणी हवीच). सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, म्हणून फुफ्फुसाची फुंकण्याची टेस्ट आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅनचं डॉक्टरांना विचारा. सिगरेट ओढत असेल तर ती आधी बंद. आणि कामाचे कपडे कारखान्यातच बदलायला लावा, घरी आणलेच तर झटकू नका, वेगळे भिजवा, धाकटी मुलगी घरात आहे तुमच्या.

पगार रोख मिळतो असं लिहिलंय, ते मला खटकलं. सिलिकोसिस कायद्याने नोंद करायचा आणि भरपाई मिळणारा आजार आहे, पण पोरगा तिथे कामाला होता याचा कागद नसेल तर मागणार कशाच्या जोरावर. दहा माणसं असतील आणि पगार 21 हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होतो, कार्ड मागा. मालक टाळाटाळ करत असेल तर तीन वर्षांनी कारखाना टाकून देण्याच्या गोष्टीवरही मी विश्वास ठेवणार नाही.

आता पुढचं. पोराला माप, सांधा, किनार हे सगळं येतं, ते वाया घालवायचं नाही. बारावी सायन्स आहे तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, सिव्हिल किंवा मेकॅनिकल घ्या, नाहीतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल. सोबत ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर. मग तोच मुलगा साइटवर माप घेणं, ड्रॉइंग, एस्टिमेट, पाणी सोडत कापणारं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) मशीन चालवणं अशी कामं करेल, याच धंद्यात, धुळीपासून लांब. डिप्लोमानंतर इंडस्ट्रियल सेफ्टीचा कोर्सही आहे, हिंगणा-बुटीबोरीच्या कंपन्यांना सेफ्टीची माणसं लागतात आणि ज्याने धूळ स्वतः खाल्लीय त्याला ती नजर असते.

प्रवेश सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर मालकाला म्हणा याला मापाला आणि लोडिंगच्या हिशोबाला ठेवा. दोन-तीन हजार कमी देईल. कमी घ्या. आणि मुलाला एकदा माझ्याकडे पाठवा, तुम्ही सोबत नका येऊ, एकटा असला तर तो मोकळं बोलेल.