‘हॉवर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: वेबपानं बनवायला शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपणं लिहिताना ‘हॉवर’ला (माउसचा बाण एखाद्या भागावर असण्याला) ‘घिरट्या घालणे’ म्हणावं का? आणि माउसओव्हर, माउसएंटर या दोन्ही घटनांसाठी (घटना म्हणजे काही घडल्याची ब्राउझरने कोडला दिलेली सूचना) ‘माउस वर आल्यावर’ एवढंच लिहिलं तर चालेल का?

घिरट्या नकोत. घिरट्या घार घालते, त्यात फेऱ्यांवर फेऱ्या आल्या. इथे बाण एकदा येऊन स्थिर राहिला तरी काम होतं. ‘घुटमळणे’ मला फार आवडतं, पण त्यात मनाची चलबिचल आहे आणि वेळ जाणंही आहे. बाण बटणावर क्षणभरच आला तरी घटना घडलेली असते. ‘टेकवणे’ वाचून लोक क्लिक करतील. वापरणाऱ्याला सांगायचं तर ‘बाण बटणावर न्या’ पुरेसं आहे.

टिपणांत मात्र नेमकेपणा हवा, कारण ‘हॉवर’ या एका शब्दाखाली स्थितीही येते आणि क्षणही. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत, १९९८च्या सीएसएस २पासून असलेलं हॉवर ही स्थिती आहे: बाण वर असेतोवर रंग बदललेला राहतो. पानाचं वागणं ठरवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेतली घटना म्हणजे क्षण. हा भेद दाखवायला नवा शब्द घडवावा लागत नाही, आपले प्रत्यय तो दाखवतात. ‘बाण चौकटीवर असताना रंग निळा’ ही स्थिती, ‘बाण चौकटीवर येताच यादी उघडा’ ही घटना. -ताना आणि -ताच. टिपणभर एवढं पाळलंत तरी निम्मा गोंधळ मिटेल.

आता दुसरा प्रश्न. दोन्हींना ‘वर येणे’ म्हणू नका. समजा एका कार्डाच्या (पानावरच्या चौकटीच्या) आत एक बटण आहे. बाण कार्डावरून बटणावर सरकला की कार्डाला माउसआउट (बाण हटल्याची घटना) मिळतो, कारण बाणाखाली आता थेट बटण आहे. लगेच बटणावर माउसओव्हर घडतो आणि तो बुडबुड्यासारखा, आतल्या घटकाकडून बाहेरच्याकडे, चढत कार्डापर्यंत पोचतो. कार्डाला वाटतं, बाण गेला आणि परत आला. माउसआउटवर यादी मिटवत असाल, तर ती इथे लुकलुकते. माउसएंटर आणि माउसलीव्ह असे चढत नाहीत. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेलेला माणूस घराबाहेर पडला असं आपण म्हणत नाही; ही जोडीही म्हणत नाही.

म्हणून माउसओव्हर-माउसआउट म्हणजे ‘वर येणे’ आणि ‘वरून हटणे’. माउसएंटर-माउसलीव्ह म्हणजे ‘शिरणे’ आणि ‘बाहेर पडणे’. ‘शिरणे’ इथे इतकं चपखल बसतं की मला त्याचा खरोखर आनंद झाला. बाण बाहेरून थेट बटणावर उतरला तरी आधी कार्डात शिरल्याची घटना घडते, मग बटणात शिरल्याची. बाहेर पडताना क्रम उलटा. माउसओव्हरच वापरायचा असेल तर घटनेतलं रिलेटेडटार्गेट पाहायला सांगा. येताना ते ‘कुठून’चं उत्तर देतं, हटताना ‘कुठे’चं.

‘घटना वर जाते’ असं मात्र लिहू नका. ‘बाण वर येतो’ हे वाक्य शेजारीच असणार, आणि दोन ‘वर’ एकमेकांत अडकतील. तिथे ‘चढते’ लिहा.

‘शिरणे’ एका ठिकाणी चकवतं. कार्डाच्या पोटातली यादी पडद्यावर कार्डाच्या कडेबाहेर लोंबत असली तरी तिच्यावर गेलेला बाण कार्डाच्या आतच धरला जातो, कारण ब्राउझर इथे कडा मोजत नाही, कोण कोणाचं अपत्य आहे, म्हणजे कोडमध्ये कोण कोणाच्या आत आहे, ते बघतो. शब्द बदलू नका. पहिल्यांदा ‘शिरणे’ येईल तिथेच लिहा, ‘कार्डात किंवा त्याच्या कोणत्याही अपत्यात शिरताच’.