टॅपेट कव्हर घरी चमकवता येईल का?

प्रश्न: जुन्या कारचं ॲल्युमिनियमचं टॅपेट कव्हर (इंजिनाच्या वरचं झाकण) काळं पडलंय, घरीच पॉलिश करू का? कोणी म्हणतं कॉस्टिक सोड्यात बुडव.

उत्तर: करा की, पण कॉस्टिक अजिबात नको हं, ते ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन गॅस सुटतो! कव्हर काढून आधी केरोसिनने तेलकटपणा घालवा, मग साबणाने धुवा, नंतर वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर) पाण्यात भिजवून खरखरीत ४०० नंबरपासून ८००, १२००, बारीक २००० असं घासत जा, दर नंबरला दिशा आडवी-उभी बदला म्हणजे आधीचे ओरखडे गेले का ते कळतं, इथे घाई केली की शेवटी ओरखडेच चमकतात. मग मेटल पॉलिश. गॅस्केट (ऑइल गळू न देणारी पट्टी) बसते ती कड मात्र घासू नका, ऑइल गळेल. बसवण्याआधी आतून नीट धुवा, घासलेला चुरा ऑइलमध्ये गेला तर बेअरिंगची वाट लागते.